मुद्रितात तीच अक्षरे पुन्हा पुन्हा का मोडतात? लेखकांसाठी समस्या निवारण

लेखकाने आपली कथा किंवा पुस्तकाची संहिता संगणकावर नीट वाचून, तपासून संपादकाकडे पाठवलेली असते. काही आठवड्यांनी पहिले मुद्रित, म्हणजे तपासणीसाठीचे प्रूफ, हाती येते, तेव्हा त्यात ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ छापलेले असते, ‘ॲड.’मधला ‘ॲ’ नाहीसा होऊन तेथे रिकामी चौकट उभी असते आणि अवतरणचिन्हांच्या जागी कोणती तरी भलतीच जोडाक्षरे बसलेली असतात. लेखक लाल शाईने खुणा करून मुद्रित परत पाठवतो. दुसऱ्या मुद्रितात काही चुका गेलेल्या असतात, काही तशाच राहिलेल्या असतात, आणि पहिल्या मुद्रितात शुद्ध असलेले काही शब्द आता बिघडलेले असतात. दिवाळी अंकांच्या हंगामात ही तक्रार मुद्रितशोधकाकडे इतक्या नेमाने येते की, तिचे निदान एकदा सविस्तर लिहून ठेवणे सोयीचे आहे.

लेखकाला वाटते की अक्षरजुळणी करणाऱ्याने हलगर्जीपणा केला. अक्षरजुळणी करणाऱ्याला वाटते की लेखकाने वाटेल तसे टंकलेखन करून पाठवले. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे खरे नसते. मजकूर लेखकाच्या फाइलमधून पानांच्या मांडणीत जाताना त्याचे एका संकेतातून, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या एका पद्धतीतून, दुसऱ्या संकेतात रूपांतर होते आणि मोडतोड त्या टप्प्यावर होते. त्यामुळे मुद्रितावर एकेक अक्षर दुरुस्त करत बसणे हा या दुखण्यावरचा उपाय नव्हे. मूळ फाइल पाठवण्यापूर्वी साफ करणे, रूपांतराची आधी चाचणी घेणे आणि रूपांतर झाल्यानंतर मजकुराची कोणती प्रत खरी मानायची हे ठरवणे, असा तो उपाय आहे, आणि त्यातील मोठा भाग लेखकाच्याच हातात असतो.

आधी चुकीची जात ओळखावी

मुद्रित हाती आल्यावर लगेच पेन उचलू नये. आधी चार-पाच पाने नुसती चाळावीत आणि चुका कशा पसरल्या आहेत ते पाहावे. एकच अक्षर किंवा एकच जोडाक्षर संपूर्ण मजकुरात प्रत्येक ठिकाणी सारख्याच रीतीने बिघडले असेल, तर ती रूपांतराची चूक असते. तेच अक्षर काही ठिकाणी नीट आणि काही ठिकाणी बिघडलेले असेल, तर लेखकाच्या मूळ फाइलमध्येच ते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकलेले असण्याची शक्यता फार मोठी असते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसत असल्यामुळे ते लक्षात आलेले नसते. चुका एखाद्या प्रकरणापुरत्या किंवा परिच्छेदापुरत्या असतील, तर तो भाग बहुधा दुसरीकडून, म्हणजे जुन्या फाइलमधून, पीडीएफमधून किंवा फोनवरून, आणून चिकटवलेला असतो. आणि ज्या चुकांत काहीच सुसंगती नाही, म्हणजे एका जागी ऱ्हस्व-दीर्घाची, दुसऱ्या जागी शब्द गळाल्याची, तिसऱ्या जागी ओळ दोनदा आल्याची, त्या माणसाच्या हातून झालेल्या असतात आणि त्यांच्यासाठी नेहमीचे मुद्रितशोधन पुरेसे असते.

ही वर्गवारी आधी केली, की पुढचे काम निम्म्याने कमी होते. पहिल्या जातीची चूक शंभर ठिकाणी खूण करून दाखवण्यात अर्थ नसतो. ती एकदा लिहून कळवावी आणि तिचे कारण विचारावे.

रूपांतर होते म्हणजे नेमके काय होते

आज आपण फोनवर किंवा संगणकावर मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांसाठी ठरवलेल्या एका सामायिक संकेतात, असते. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक स्वतंत्र पट्टा आहे आणि त्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसत असली, तरी साठवणीत आधी ‘क’ आणि मग वेलांटी असते. ‘कार्य’ या शब्दातला रफार डोळ्यांना ‘य’च्या डोक्यावर दिसतो, पण साठवणीत ‘र्’ हा ‘य’च्या आधी असतो.

युनिकोडचा वापर रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ज्या फॉन्टांवर चालत असे, त्यांची रीत याच्या उलट होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम आणि तिचे सुरेख, योगेश यांसारखे फॉन्ट, आकृती, अशा सगळ्या प्रणालींत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या २५६ घरांत बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असे. फक्त फॉन्टमुळे तो मराठी दिसे. अक्षरांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा असे, म्हणजे वेलांटी आधी आणि रफार शेवटी. शिवाय कोणत्या घरात कोणता तुकडा हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले होते, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या फॉन्ट-मालिकांतही मांडणी एकसारखी असेलच असे नाही.

पाने मांडण्याच्या पेजमेकर या प्रणालीची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली. तिला युनिकोड कळत नाही, तरीही ती अनेक अक्षरजुळणी केंद्रांत आजही चालू आहे, कारण तेथील माणसांचा हात तिच्यावर बसलेला आहे आणि जुन्या पुस्तकांची सारी पाने तिच्यातच आहेत. लेखकाचा युनिकोड मजकूर तेथे न्यायचा म्हणजे रूपांतरकाच्या तक्त्यातून न्यावा लागतो. तो तक्ता प्रत्येक युनिकोड अक्षरासाठी जुन्या फॉन्टमधला तुकडा शोधतो, वेलांटी पुढे आणतो आणि रफार मागे नेतो. ‘कार्यकर्त्यांना’ या शब्दात दुसरा रफार ‘त्’, ‘य’ आणि काना ओलांडून नेमक्या जागी बसवावा लागतो. रूपांतरक साधा असेल तर तो मध्येच कोठेतरी उतरतो. आणि तक्त्यात जे अक्षर मुळातच नाही, त्याच्या जागी चौकट येते, प्रश्नचिन्ह येते किंवा काहीच येत नाही. यांतले ‘काहीच न येणे’ सर्वांत घातक आहे, कारण ते वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते.

नेहमी मोडणारी अक्षरे

यांत पहिला मान डोळ्यातल्या र-चा, म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतल्या र-चा आहे. तो टंकण्याच्या चार रीती प्रत्यक्षात आढळतात. पहिली आणि सरळ रीत म्हणजे युनिकोडमधले ०९३१ या क्रमांकाचे ‘ऱ’ हे अक्षर घेऊन त्याला हलन्त व पुढचे अक्षर जोडणे. दुसरी म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह देणे. पडद्यावर या दोन्ही रूपांत काहीही फरक दिसत नाही. तिसरी रीत म्हणजे नाइलाजाने ‘दुसर्या’ असा रफार देऊन मोकळे होणे, आणि चौथी म्हणजे ‘दुस-या’ अशी आडवी रेघ घालणे, जी जुन्या संकेतस्थळांवर सर्रास दिसते.

रूपांतरकाच्या तक्त्यात यांपैकी एकच रूप असले, तर दुसरे मोडते. अदृश्य चिन्ह ओळखता आले नाही, तर ते गळून पडते आणि ‘दुसर्‍या’चे ‘दुसर्या’ होते. काही प्रणाली ‘ऱ’चे ‘र’ आणि नुक्ता असे दोन भाग पाडतात. मग छापील शब्दात र-च्या खाली टिंब दिसते. लेखकाने अर्धा मजकूर फोनवर आणि अर्धा संगणकावर लिहिलेला असेल, तर दोन्ही रूपे एकाच फाइलमध्ये असतात आणि मुद्रितात ‘साऱ्या’ नीट, पण ‘बऱ्याच’ बिघडलेला, अशी कोड्यात टाकणारी अवस्था होते. ही चूक केवळ दिसण्यापुरती नाही. आचारी असलेल्या माणसांना पैसे द्यायचे ते ‘आचाऱ्यांना’. ‘आचार्यांना’ म्हटले की ते विद्वानांकडे जातात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांच्यातही तोच फरक आहे.

उपाय असा की, लेखकाने सर्वत्र पहिलीच रीत वापरावी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. फोनच्या काही मराठी कळफलकांवर ‘र’ दाबून धरल्यावर तो येतो. आधीच लिहिलेल्या मजकुरात मात्र ‘शोधा आणि बदला’ ही सोय फार सावधपणे वापरावी लागते. ‘र्या’ शोधून सरसकट ‘ऱ्या’ करण्याची आज्ञा दिली, की ‘कार्यालय’चे ‘काऱ्यालय’ आणि ‘मर्यादा’ची ‘मऱ्यादा’ होते. दुसऱ्या मुद्रितात नव्या चुका उगवण्याचे एक मोठे कारण हेच आहे: अक्षरजुळणी करणाऱ्याने लेखकाच्या खुणा पाहून घाईने सरसकट बदल केलेला असतो. येथे व्याकरणाचा आधार घ्यावा. ‘रा’ किंवा ‘री’ने संपणाऱ्या शब्दांचे सामान्यरूप किंवा अनेकवचन होताना डोळ्यातला र येतो, जसे चेहऱ्यावर, कोपऱ्यात, नवऱ्याने, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, पायऱ्या, नोकऱ्या. सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य, पर्याय अशा तत्सम शब्दांत रफारच राहतो. ‘ह’च्या बाबतीतही तऱ्हा, गुऱ्हाळ, वऱ्हाड, कऱ्हाड, ऱ्हास एका बाजूला आणि अर्हता, गर्हणीय दुसऱ्या बाजूला. तेव्हा बदल अक्षराचा न करता शब्दाचा करावा: ‘दुसर्या’ शोधून ‘दुसऱ्या’, ‘शेतकर्यां’ शोधून ‘शेतकऱ्यां’, अशी आपल्या मजकुरापुरती पंधरा-वीस शब्दांची यादी केली की काम भागते. आचारी-आचार्यांसारख्या जोड्या डोळ्यांनीच पाहाव्यात.

दुसरा त्रास ‘ॲ’चा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी बनलेल्या युनिकोड फॉन्टांत आणि रूपांतराच्या तक्त्यांत त्याचा क्रमांक असणेच शक्य नव्हते. त्यामुळे लोक ‘अ’ला चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, आणि काही जण ‘ऍ’ वापरत, जे ‘ए’वर चंद्र दिलेले हिंदीतले रूप आहे आणि मराठीत चालत नाही. आपल्या फाइलमध्ये कोणते रूप आहे याची शंका असेल, तर विंडोजवरील वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून आल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो. ०९७२ आला तर ते अखंड ‘ॲ’ आहे, ०९४५ आला तर तो स्वतंत्र चंद्र आहे. त्याच कळा पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते.

याच जातीची आणखी काही जोड-रूपे आहेत, जी डोळ्यांना बरोबर दिसतात आणि आतून तुटलेली असतात: ‘अ’ला काना देऊन केलेला ‘अा’, ‘आ’ला चंद्र देऊन केलेला ‘आॅ’, ‘अ’ला मात्रा देऊन केलेले ‘अो’ आणि ‘अौ’. ही रूपे शुद्ध मजकुरात कोठेच येत नसल्यामुळे ती सरसकट शोधून आ, ऑ, ओ, औ अशी बदलायला काहीच हरकत नाही, आणि प्रत्येक लेखकाने फाइल पाठवण्यापूर्वी ते करावेच. विसर्गाच्या बाबतीत मात्र सरसकट बदल करू नये. ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’ यांत पुष्कळदा विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकलेले असते आणि ओळ संपताना शब्द त्या चिन्हापाशी तुटतो. पण अपूर्णविराम मजकुरात योग्य जागीही असतो, म्हणून येथेही शब्दागणिक बदल करावा.

जोडाक्षरांत वाङ्मय, उद्ध्वस्त, ज्योत्स्ना, आर्द्र, राष्ट्र हे शब्द मुद्रित आल्यावर सर्वांत आधी पाहावेत. ‘उद्‌घाटन’ किंवा ‘षड्‌रिपू’ यांत हलन्त उघडा दिसावा म्हणून काही लेखक झीरो विड्थ नॉन-जॉइनर हे अक्षरे जुळू न देणारे अदृश्य चिन्ह घालतात. रूपांतरात तो गळला की अक्षरे जुळून जातात आणि जुन्या फॉन्टात ते जोडाक्षर नसेल तर पुन्हा चौकट येते.

इंग्रजी शब्द, अवतरणे आणि ओळी

जुन्या फॉन्टांनी इंग्रजीचीच घरे वापरलेली असल्यामुळे मराठी मजकुरात रोमन लिपीत लिहिलेला शब्द रूपांतरानंतर निरर्थक देवनागरी तुकड्यांचा ढीग होऊन बसतो. प्रत्येक इंग्रजी शब्दाचा फॉन्ट हाताने बदलावा लागतो आणि एखादा हमखास राहून जातो. कथेत किंवा ललित लेखात इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहावेत, हे मला भाषेच्या दृष्टीनेही पटते. पण संशोधनपर लेखनात रोमन शब्द अटळ असतील, तर त्यांची यादी वेगळ्या पानावर सोबत द्यावी, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्याला ते एकेक करून तपासता येतात. वक्र अवतरणचिन्हे, लांब रेघ, तीन टिंबे आणि टक्क्याचे चिन्ह यांचीही हीच गत होते, कारण त्यांच्या घरांत जुन्या फॉन्टने जोडाक्षरे बसवलेली असतात.

तिरपी आणि ठळक अक्षरे, तळटीपा, कवितेतल्या ओळींचे समास, हे सारे रूपांतरात बहुधा हरवते, कारण पुष्कळ रूपांतरक नुसता मजकूर घेतात. कवींना हे विशेष जाचते. कवितेसाठी मजकुराच्या फाइलबरोबर पीडीएफ पाठवणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि त्या पीडीएफवर ‘ओळींची मांडणी याप्रमाणे’ असे स्पष्ट लिहावे.

मात्र पीडीएफ ही फक्त पाहण्याची प्रत असते. मराठी पीडीएफमधून मजकूर उचलून वर्डमध्ये चिकटवला की वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात, कारण पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रे साठवलेली असतात आणि त्यांचा मूळ संकेताशी असलेला दुवा देवनागरीत भरवशाचा नसतो. अंकात आलेली कथा संग्रहासाठी हवी म्हणून अंकाच्या पीडीएफमधून उचलणे हे म्हणूनच महागात पडते. आपली मूळ फाइल शोधावी. ती नसेलच, तर अक्षरओळख (ओसीआर) प्रणालीतून मजकूर काढून तो शब्दशः छापील प्रतीशी ताडून पाहावा.

संपूर्ण फाइलच रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसत असेल, तर ती बिघडलेली नसते. ती जुन्या फॉन्टात टंकलेली असते आणि तो फॉन्ट या संगणकावर नसतो. अशा वेळी फॉन्ट बदलून पाहण्यात वेळ घालवू नये. मूळ फॉन्टचे नेमके नाव मिळवावे आणि त्याच फॉन्टसाठी बनलेल्या रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. नव्वदीच्या दशकातली संहिता नव्याने छापू पाहणाऱ्या लेखकांना हे करावेच लागते.

‘ल’ आणि ‘श’ची तक्रार निराळी

मुद्रितात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, अशी तक्रार पुष्कळ येते आणि ती रास्त आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी या अक्षरांची वळणे निश्चित केलेली आहेत. पण येथे मजकुरात काहीही चुकलेले नसते. संकेत तोच असतो, वळण फॉन्टचे असते. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मांडणीच्या प्रणालीत भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी वळण येते. तशी सोय नसेल तर फॉन्टच बदलावा लागतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ हा मुक्त फॉन्ट मराठी वळणासाठीच केलेला आहे. याबद्दल मुद्रितावर खुणा करत बसू नये. पहिल्या पानावर एक वाक्य लिहिले की झाले.

चाचणीचा परिच्छेद

संपूर्ण संहिता पाठवण्यापूर्वी एक छोटी फाइल पाठवावी, आणि संपादकाला दोन गोष्टी विचाराव्यात: मांडणी कोणत्या प्रणालीत होणार आहे, आणि या फाइलचे प्रत्यक्ष मांडणीतून काढलेले एक पान पीडीएफ म्हणून मिळेल का. त्या फाइलमध्ये पुढीलसारखा मजकूर ठेवावा.

‘दुसऱ्या दिवशी ॲड. व ऑडिटर यांनी शेतकऱ्यांच्या व कार्यकर्त्यांच्या साऱ्या तक्रारी ऐकल्या. कुऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास, ऱ्हस्व, अर्हता. आचाऱ्यांना व आचार्यांना. वाङ्मय, तत्त्व, महत्त्व, तज्ज्ञ, उद्ध्वस्त, उद्‌घाटन, ज्योत्स्ना, आर्द्र, राष्ट्र, ट्रॅक्टर, ब्रह्म, चिन्ह, आह्वान, हृदय, शृंगार, ऋण, दुःख, मार्मिक, बँक, कॅमेरा. “तो म्हणाला, ‘बरं…’” – १२३४५६७८९०, ५०%.’

परत आलेल्या पानावर जे शब्द मोडलेले असतील, तीच त्या केंद्राच्या रूपांतरकाची दुखणी. ती कळली की लेखकाने आपल्या संहितेच्या दोन प्रती कराव्यात. एक मूळ प्रत, जिच्यात सर्व अक्षरे युनिकोडच्या शुद्ध रीतीने असतील आणि जिला पुढे कोणीही हात लावणार नाही. दुसरी पाठवणीची प्रत, जिच्यात त्या रूपांतरकाला पचेल असे बदल केलेले असतील. उदाहरणार्थ, त्याला अखंड ‘ॲ’ ओळखता येत नसेल आणि ‘अ’ व चंद्र ओळखता येत असेल, तर पाठवणीच्या प्रतीत तसे करावे. शुद्धतेचा आग्रह मूळ प्रतीसाठी राखून ठेवावा. अक्षरजुळणी केंद्राशी वाद घालून त्यांचा रूपांतरक बदलत नाही.

अनेक दिवाळी अंक लेखकाला मुद्रित दाखवतच नाहीत, तेवढा वेळही त्यांच्याकडे नसतो. अशा ठिकाणी हा परिच्छेद हाच लेखकाचा एकमेव बचाव आहे.

गेलेल्या चुका परत का येतात

आता या पोस्टमधला सर्वांत महत्त्वाचा भाग. पहिल्या मुद्रितातल्या चुका दुरुस्त होतात आणि तिसऱ्यात जशाच्या तशा परत येतात, याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: मध्यंतरी लेखकाने सुधारलेली संहिता पुन्हा पाठवलेली असते.

घडते ते असे. पहिले मुद्रित तपासताना लेखकाला आपल्याच वाक्यांत बदल सुचतात. तो काही बदल मुद्रितावर हाताने करतो. पण बदल वाढत जातात तसे त्याला वाटते की आपल्याच फाइलमध्ये ते करून सबंध फाइल नव्याने पाठवली तर अक्षरजुळणी करणाऱ्याचे काम सोपे होईल. केंद्रात ती फाइल पुन्हा रूपांतरकातून जाते. पहिल्या फेरीत हाताने दुरुस्त केलेली प्रत्येक ‘दुसऱ्या’, हाताने बसवलेला प्रत्येक ‘ॲ’, निस्तरलेले प्रत्येक अवतरणचिन्ह जुन्या पानांबरोबर टाकून दिले जाते आणि सारी मोडतोड नव्याने सुरू होते. कधी फक्त एखादे प्रकरण बदललेले असते, मग त्या प्रकरणात जुन्या चुका परततात आणि बाकीचे पुस्तक शुद्ध राहते. लेखकाला वाटते आपल्या खुणांकडे कोणी पाहिलेच नाही. केंद्राला वाटते लेखकाचे समाधानच होत नाही.

त्यामुळे नियम असा ठेवावा की मजकूर पानांत बसल्या क्षणापासून मांडणीतली पाने हीच संहितेची अधिकृत प्रत असते आणि लेखकाच्या संगणकावरची फाइल केवळ संदर्भासाठी उरते. त्यानंतरचा प्रत्येक बदल शुद्धिपत्राच्या रूपात जावा: पान क्रमांक, ओळ, आता असलेले शब्द आणि त्यांच्या जागी हवे असलेले शब्द. मोठा परिच्छेद बदलायचा असेल, तर तेवढाच परिच्छेद स्वतंत्र फाइलमध्ये द्यावा, त्या फाइलच्या नावात पान क्रमांक असावा, आणि पुढचे मुद्रित आल्यावर सर्वांत आधी तोच परिच्छेद वाचावा, कारण नव्याने रूपांतर झालेला मजकूर तेवढाच असतो. फाइल आधीच दुसऱ्यांदा गेलेली असेल, तर वर्डमधल्या किंवा लिबरऑफिसमधल्या दोन प्रतींची तुलना करण्याच्या सोयीने पहिल्या आणि दुसऱ्या फाइलमधला फरक काढावा, त्याची यादी करावी आणि केंद्राला विनंती करावी की पहिलीच पाने ठेवून त्यांत एवढेच बदल घ्यावेत. पाने टाकून दिलेली नसतील तर हे अजूनही शक्य असते, आणि बहुतेक केंद्रे जुनी पाने लगेच पुसत नाहीत.

खुणा कशा कराव्यात याबद्दलही थोडे सांगायला हवे. समासात नुसता ‘ऱ्या’ लिहून बाण काढण्याऐवजी पूर्ण शब्द लिहावा. ज्या चुका सर्वत्र सारख्या आहेत, त्या पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘सर्वत्र’ असे लिहून शब्दांच्या यादीसह द्याव्यात, आणि ‘अक्षर सरसकट बदलू नये, शब्द बदलावेत’ ही सूचना जोडावी. अंतिम मुद्रितात सबंध पुस्तक पुन्हा वाचणे शक्य नसेल, तर आधीच्या मुद्रितावर जेथे जेथे खूण होती त्या ओळी आणि त्यांच्या वरची व खालची ओळ वाचावी. दुरुस्ती करताना शेजारचा शब्द पुसला जाणे ही नित्याची गोष्ट आहे. वाक्ये फुलवण्याचा मोह दुसऱ्या मुद्रिताच्या पुढे आवरावा. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, एकदा जुळला, की एका पानावर वाढलेल्या चार ओळी पुढची सारी पाने ढकलतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे खोटे पडतात.

प्रकाशक युनिकोडमध्येच काम करत असेल तर

पाने मांडण्याच्या इनडिझाइन या प्रणालीत युनिकोड मराठी नीट मांडता येते, त्यामुळे वरचे बहुतेक त्रास टळतात. तरीही मुद्रितात हलन्त उघडे पडलेले, जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली दिसली, तर समजावे की परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा राहिला आहे. ही सोय सीएस ६ या आवृत्तीपासून भारतीय लिप्यांसाठी उपलब्ध आहे. एक सेटिंग बदलले की सबंध मजकूर एकदम जागेवर येतो. तसे झाले नाही, तर फॉन्टात ती जोडाक्षरे आहेत का ते तपासायला सांगावे. मूळ फाइलमधले ‘अा’, ‘आॅ’ आणि ‘दुस-या’ मात्र येथेही जसेच्या तसे उतरतात, कारण रूपांतर नाही म्हणजे दुरुस्तीही नाही.

पुस्तक जुन्या फॉन्टात मांडले गेले असेल, तर छपाईला सोडण्यापूर्वी प्रकाशकाकडे आणखी एक मागणी करावी: अंतिम पानांतला मजकूर परत युनिकोडमध्ये काढून मिळावा. ई-पुस्तकासाठी हे रूपांतर पुढे कधी तरी होणारच असते आणि त्या वेळी लेखक विचारायला जवळ असेलच असे नाही. ती फाइल आली की तिच्यावर चाचणी-परिच्छेदातल्या शब्दांचा शोध चालवावा, उलट्या दिशेच्या रूपांतरात मोडलेली अक्षरे दुरुस्त करावीत, आणि मुद्रितावर केलेले सारे बदल जिच्यात आहेत अशी हीच प्रत पुढच्या आवृत्तीसाठी आपल्या मूळ प्रतीच्या जागी ठेवावी.